देदेंची पाच मिनिटं

पत्र जॉसहून आलं होतं, आणि ते इतकं गोड होतं की आपण बुडालो हे उलोमाला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. समोरच्या बशीत दोन अकारा होते, चवळीचे वडे, एक अर्धा खाल्लेला. ओव्हेरीतली सकाळ खिडकीबाहेर नेहमीसारखी भांडत होती, कुणाची तरी केके, तीनचाकी रिक्षा, फाटकात अडकली होती, शिपाई त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होता. पत्र लिहिणारी कुणी नानरेत म्हणून मुलगी, तिकडच्या विद्यापीठात नवी लागलेली. ‘बाई, तुमचा न्चानवूच्या तेलावरचा लेख मी विद्यार्थिनी असताना अक्षरशः पाठ केला होता. आमच्याकडं खाणींच्या आसपासच्या विहिरींत शिसं आहे, म्हणून तुमची रीत इथं वापरायची ठरवली. अकरा वेळा करून पाहिली. तुमचं तेल शंभरातले एक्क्याण्णव भाग शिसं उचलतं, माझं सत्तावन्नच्या वर जात नाही. माझाच हात कुठंतरी चुकत असणार. कुठं, ते सांगाल का?’ अकरा वेळा! एकदा नाही, दोनदा नाही. जी पोरगी अकरा वेळा करते तिचा हात चुकत नसतो, हे उलोमा तीस वर्षं शिकवून चांगलं जाणून होती. तिनं उरलेला अकारा उचलला, परत ठेवला.

तो लेख म्हणजे उलोमा न्वाची. दुसरं काय होतं तिच्याजवळ? बाकीचे लेख लिहायचे म्हणून लिहिलेले, त्या एकावर ती उभी होती. न्चानवू, तुळशीच्या जातीचा पाला, दर घराच्या मागं कुंडीत नाहीतर फुटक्या बादलीत उगवणारा, मिरीच्या रश्शात टाकायचा, पोरांचं पोट दुखलं की चुरून पाजायचा. त्या पाल्याचं तेल काढायचं, आणि ते शिसं मिसळलेल्या पाण्याबरोबर तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात घालून हलवायचं, हलवायचं, मग स्वस्थ ठेवायचं. तेल वर येतं, पाणी खाली बसतं. तोटी उघडून पाणी खाली सोडलं की त्यातलं शिसं गेलेलं असतं, तेलानं पोटात घेतलेलं. परदेशी द्रावक नको, महागडी औषधं नकोत. इशियागूच्या खाणीजवळच्या बायकांना हे आपल्या परसातल्या पाल्यानं करता येईल, असं तिनं त्या लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, आणि लिहिताना तिला रडू आलं होतं, पण ते पोटात पोर असल्यामुळं असेल. आता तीन आठवड्यांनी तिचं प्राध्यापकपदाचं मोठं व्याख्यान होतं, सगळ्या विद्यापीठासमोर, याच विषयावर. विभागातल्या बायकांनी एकसारख्या कापडाचे झगेसुद्धा शिवायला टाकले होते, हिरव्यावर पिवळं, न्चानवूच्या रंगाचं म्हणे. ते कापड पाहून ती म्हणाली होती, “अगं, मी काय नवरी आहे का?” आणि मनातून नवरीसारखीच सुखावली होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि स्वतः हलवलं. जुनी वही समोर उघडी होती, जुने मदतनीस ओसुजी, सगळ्यांचे देदे म्हणजे दादा, त्यांच्या गोल, शाळकरी अक्षरातली. ‘तेल पन्नास. पाणी पन्नास. हलवण्याचा वेळ : पाच मिनिटं.’ प्रत्येक ओळीत पाच मिनिटं. तिनं घड्याळ लावून पाच मिनिटं हलवलं. अठ्ठावन्न आले. पुन्हा केलं, छप्पन्न. पाला बदलला, बाजारातून वेगळ्या बाईकडून आणला, पहाटेचा तोडलेला आणला, सत्तावन्न. चौथ्या दिवशी हात खांद्यापासून भरून आले तेव्हा ती स्टुलावर बसली आणि इतके दिवस दाराबाहेर उभा असलेला तो विचार सरळ आत आला. देदेंनी पाण्यात पाणी तर नसेल घातलं? यंत्रावर तीच बसायची, आकडे तिनंच वाचले होते, पण बाटल्या देदे भरून द्यायचे. तोटीखालच्या बाटलीत थोडं साधं पाणी ओतलं की शिसं आपोआप कमी दिसणार, त्यात काय मोठंसं. आणि का नाही ओतणार? तिला ते आकडे किती हवे होते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? छी, असं मनात आलंच कसं, असं तिनं स्वतःला म्हटलं. पण आलेला विचार बसायला जागा मागतो, आणि तिनं त्याला दिली.

त्या वर्षी ती पोटुशी होती. लाईट आठवड्यातून दोन दिवस यायची, हलवायचं यंत्र जळून गेलेलं, भिंतीवरचं घड्याळ सव्वादहावर मरून पडलेलं. आणि ज्या न्चानवूवर तिचं सगळं भविष्य टांगलेलं, त्याचाच वास तिला सहन होत नव्हता. तेलाची बाटली उघडली की ती तोंडाला फडकं लावून बाहेर पळायची. देदे प्रयोगशाळेतले मदतनीस, तेव्हाच पन्नाशी उलटलेले, आखूड मानेचे, पायात टायरच्या चपला. तिला मॅडम म्हणून हाक मारायचे आणि पुढं सरळ ‘तू’ म्हणायचे. “मॅडम, तू बाहेर बस. तुझ्या पोटातल्याला शिशाची ओळख आत्तापासून नको. मी हलवतो.” मग ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, डोळे मिटून, आणि न्झू चघळायची. पांढरी माती, गरोदर बायका खातात ती, खारट-खारट, जिभेला चिकटणारी. एक दिवस देदे बाहेर आले, तिच्या हातातला खडा काढून घेतला आणि आत गेले. आली असेल खायची लहर, असं तिला वाटलं. तासाभरानं शेजारच्या विभागाच्या यंत्रावर तपासून कागद घेऊन आले. “मॅडम, बाईच्या जातीला अक्कल देवानं दिली ती शिकण्यात खर्च झाली का तुझी? बघ, या खड्यात किती शिसं आहे. पाण्यातलं काढतेस आणि तोंडानं खातेस?” ती रडली, मग हसली. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्यासाठी रुमालात गुंडाळून उदाराची आंबटगोड फळं आणायचे. तिची मुलगी आता लागोसला बँकेत आहे, धडधाकट, भांडखोर. आणि या माणसानं बाटलीत पाणी घातलं असेल का, असं उलोमा स्टुलावर बसून विचार करत होती. तिला स्वतःची शिसारी आली, पण विचार उठून गेला नाही.

शनिवारी सकाळी ती देदेंच्या गावी, एंबाइसेला निघाली. पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं नरसाळं, तेलाची एक बाटली, इशियागूच्या विहिरीच्या पाण्याची एक. वर देदेंसाठी सुकी मासळी आणि त्यांच्या बायकोला एक कापड. नरसाळं कशाला घेतलं, याचं उत्तर तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी तिच्याकडं सारखी एका डोळ्यानं पाहत होती. मी कुठं काय केलंय, असं उलोमाच्या तोंडावर आलं. वाटेत जुन्या तेलघाणीचा वास आला, ताडाच्या फळांचा, उकडलेला, जडशीळ. न्चानवूचा वास टोकदार, हा आडवा पसरणारा. तिला एकाएकी आठवलं की देदे आत हलवत असताना काहीतरी गुणगुणायचे. दाराआडून यायचं ते. चाल आठवेना, नुसतं एवढंच की ती चाल झोप आणायची आणि ओकारी थांबायची. किती दिवसांत आठवलं नव्हतं हे.

देदे अंगणात ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बसले होते, अठ्ठ्याहत्तरीचे, वाळलेले, हात कोवळ्या पानासारखे थरथरत होते. तिला पाहून दोन्ही हात वर केले. “इहुओमा, बाहेर ये! आपली मॅडम आली! अगं, ही तर जाडी झाली!” आतून त्यांची बायको, दा इहुओमा, ओले हात पुसत आली, तिनं उलोमाला छातीशी धरून हलवलं, मग मागं ढकलून पाहिलं. “जाडी कुठं झाली? दमलीय पोर. डोळे बघा तिचे.” लाकडी बशीत कोला आला, पाहुण्यासमोर फोडून वाटायची ती कडवट बी. देदेंनी तो उचलून कपाळाला लावला, फोडायला म्हणून सुरी घेतली, आणि तिच्या तोंडाकडं पाहून सुरी खाली ठेवली. कोला तसाच अख्खा बशीत राहिला. मनात काही दडवून आलेल्यासमोर ते कोला फोडत नसत, हे तिला माहीत होतं. “बोल,” ते म्हणाले.

वाटेत तिनं चार प्रकारे मांडणी केली होती, एकही कामाला आली नाही. तिनं नुसतं पत्र वाचून दाखवलं, मग आपले आकडे सांगितले. सत्तावन्न, अठ्ठावन्न, छप्पन्न. देदे ऐकत होते. झाडावरून एक पिकलेलं पान पडलं, दा इहुओमानं ते उचलून बाजूला टाकलं. मग देदे हळूच म्हणाले, “म्हणजे मी खोटं लिहिलं, असं विचारायला आलीस.”

“नाही, देदे.”

“मॅडम, मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. हो म्हण, मग पुढं बोलू.”

“हो,” ती म्हणाली. “बाटलीत तुम्ही वरून पाणी घातलंत का? माझ्यासाठी?”

दा इहुओमानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई गं! हा माणूस? याला बायकोच्या रश्शातसुद्धा कमी मीठ खपत नाही, हा पाणी घालेल?” देदे मात्र रागावले नाहीत. ते खूप वेळ उलोमाकडं पाहत राहिले, आणि त्या पाहण्यात इतकी माया होती की तिला वाटलं, त्यापेक्षा यांनी एक चपराक मारली असती तर बरं झालं असतं. “नरसाळं आणलंयस?” त्यांनी विचारलं. तिनं पिशवी पुढं केली. “मला ठाऊकच होतं. चल, ये आत.”

खोली लहान होती, कोपऱ्यात पाण्याचा माठ, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. देदेंनी तेल ओतलं, पाणी ओतलं, बूच लावलं. हात थरथरत होते, पण नरसाळं हातात आल्यावर थरथर कुठं गेली कोण जाणे. त्यांनी ते छातीशी धरलं, तान्ह्या पोराला धरतात तसं, आणि हात न हलवता कमरेपासून डोलायला लागले. उलोमानं सवयीनं मनगट वळवलं, घड्याळाकडं पाहिलं. देदे लगेच थांबले.

“ते नको.”

“का?”

“ज्याचे हात तेलात, त्यानं मोजायचं नाही. त्याच्यासमोरही मोजायचं नाही. तेल लाजतं, येत नाही वर. माझी आई ताडाचं तेल काढायची, खळगीत गर आणि पाणी, त्यात उभी राहून घुसळायची, गायची. मी शेपटासारखा तिच्या मागं. किती वेळ झाला म्हणून विचारलं की पाठीत धपाटा. ती फक्त बघायची. तेल आणि पाणी भेटतात ना तिथं पांढरा धागा दिसतो, फेसाचा. तो गेला की झालं. तो असेपर्यंत नाही झालं.” त्यांनी नरसाळं उजेडाकडं धरलं. दोन थरांच्या मध्ये खरंच एक पांढुरका, मळकट धागा होता. उलोमानं तो हजारदा पाहिला होता आणि धागा म्हणून एकदाही पाहिला नव्हता. आपण सुरुवातीला तेल रॉकेलात मिसळून पाहिलं होतं, तिथं पाच मिनिटं पुरायची, म्हणून रीत लिहिताना पाच लिहिलं. नंतर नुसतं तेल घेतलं, घट्ट, आळशी तेल, आणि पाच तेच राहिलं. हे तिच्या डोक्यात एका झटक्यात आलं.

“म्हणजे तुम्ही पाच मिनिटं हलवतच नव्हता.”

“मला काय माहीत किती मिनिटं? मी धागा जाईपर्यंत हलवायचो.”

“मग वहीत पाच का लिहिलंत, देदे? दर ओळीला?”

देदेंना हा प्रश्न समजलाच नाही. ते तिच्याकडं असे पाहत राहिले की जणू तिनं त्यांना त्यांचंच नाव विचारलं होतं. “मी कुठं लिहिलं? तू सांगितलंस. माझी आई आत गायची तेव्हा आजी बाहेर ओट्यावर बसायची, मांडीवर ताडाच्या बिया घेऊन. आई एक फेरा गाऊन संपवी, आजी एक बी खाली ठेवी. आत घुसळणाऱ्यानं मोजायचं नाही, बाहेर बसलेल्यानं मोजायचं. तशीच तर रीत. तू बाहेर बाकावर बसायचीस. मला वाटलं, मॅडमला आपली रीत ठाऊक आहे, म्हणून तर बाहेर बसते. मी बाहेर येऊन विचारायचो ना तुला. मॅडम, किती झाली? तू म्हणायचीस, पाच, देदे, पाच. मग मी लिहायचो.”

आणि तिला ते दिसलं. व्हरांडा, तापलेली फरशी, आपले मिटलेले डोळे, जिभेवरची माती. दार करकरतं, टायरच्या चपला येतात, न्चानवूचा वास येतो, पोट ढवळतं, हा माणूस लवकर आत जावा असं वाटतं. ‘मॅडम, किती झाली?’ ‘पाच, देदे, पाच.’ डोळे न उघडता. पाच महिने, दर वेळेला. तिनं कधी घड्याळ पाहिलंच नव्हतं. मनगटावर होतं, चालू होतं, नवऱ्यानं दिलेलं. ती ज्या माणसाच्या बाटलीत पाणी शोधत होती, त्यानं तिनं दिलेला आकडा देवाच्या वचनासारखा उतरवून घेतला होता. ती माठाशेजारी जमिनीवरच बसली. “देदे, मी मोजत नव्हते,” ती म्हणाली. “मी काहीच मोजत नव्हते. मी तुम्हाला चोर ठरवलं आणि...” दा इहुओमा वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. “जाऊ दे गं. पोटुशी होतीस. पोटुशा बाईला आजचा वारही आठवत नाही, मिनिटं कुठली?”

देदे मात्र विचारात पडले होते. त्यांना तिच्या अपराधाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना आकडा चुकल्याचं वाईट वाटत होतं. “म्हणजे त्या जॉसच्या पोरीनं अकरा वेळा उगाच हलवलं,” ते म्हणाले. “बिचारी. ऊठ, मॅडम. बाहेर जाऊन बस. आणि या वेळी नीट बघ.”

ती बाहेर गेली. अंगणात एक बुटकं बाक होतं, भिंतीला टेकलेलं. ती त्यावर बसली, मनगट मांडीवर उघडं ठेवलं. आतून गाणं सुरू झालं. तेला, ये वर, घर तुझंच आहे, पाण्याला सांग आम्ही जेवलो, असं काहीतरी साधं, फिरून फिरून येणारं. देदेंचा आवाज फाटका झाला होता, तिसऱ्या फेऱ्याला दा इहुओमाचा आवाज त्यात मिसळला. तिनं डोळे मिटले नाहीत. हे किती अवघड आहे हे तिला तेव्हाच कळलं, कारण त्या चालीनं पापण्या आपोआप जड होत होत्या. पाच मिनिटं झाली. इथंच ती म्हणाली असती. सहा झाली. समोर फुटक्या बादलीत न्चानवू वाढलेला होता, वाऱ्यानं त्याचा वास आला, आणि पोट ढवळलं नाही. दहा. शेजारची शेळी आली, तिच्या पिशवीत तोंड घालू लागली, तिनं शेळीला ढकललं पण मनगटावरची नजर काढली नाही. बारा. आत म्हातारा दम खाऊन पुन्हा गायला लागला. उलोमाला वाटलं आत जावं, ते नरसाळं त्यांच्या हातून घ्यावं, म्हणावं पुरे, देदे, दमलात तुम्ही. पण तिची जागा बाहेर होती. चौदा, पंधरा. गाल ओले झाले होते, पण पुसताना घड्याळावरची नजर हलली असती, म्हणून तिनं ते पुसले नाहीत. गाणं थांबलं. दार करकरलं.

“मॅडम, किती झाली?”

“एकोणीस,” ती म्हणाली. “एकोणीस मिनिटं, देदे.”

“बघ,” दा इहुओमाला आत वळून देदे म्हणाले, “आणि ही म्हणायची पाच.” मग त्यांनी कोला फोडला. चार फाका निघाल्या, त्यातली मोठी त्यांनी तिला दिली.

सोमवारी सकाळी लाईट होती. देदेंनी नरसाळ्यातून सोडलेलं पाणी तिनं यंत्राला दिलं आणि काट्याकडं न बघता आधी खिडकीबाहेर पाहिलं, शिपाई आज कुणाशीच भांडत नव्हता. मग तिनं आकडा वाचला. शंभरातले नव्वद पूर्णांक आठ. तिचा जीव भांड्यात पडला, पण नाचावंसं वाटलं नाही. तिनं कागद घेतला आणि नानरेतला लिहिलं की तुझा हात चुकत नव्हता, मुली, दोन थरांमधला पांढरा धागा जाईपर्यंत हलव. मग नियतकालिकाला दुरुस्ती लिहायला बसली. व्याख्यानाला दोन आठवडे होते, हिरवे-पिवळे झगे शिवून होत आले होते, आणि याच कागदातली ओळ ती तिथं सगळ्यांसमोर वाचणार होती. ओळ पाचसहा वेळा खोडून झाली. शेवटी जी राहिली ती साधी होती. ‘हलवण्याचा वेळ पाच मिनिटं नसून एकोणीस आहे.’ लेखकांच्या नावांत तिनं आपल्या नावाआधी ओसुजींचं नाव घातलं आणि देदेंना वाचून दाखवायला फोन लावला.

देदेंनी सगळं ऐकून घेतलं. स्वतःचं नाव आल्यावर ते खाकरले.

“आणि चूक कशी झाली, ते लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“लिहिते आत्ता.”

“काय लिहितेस?”

उलोमानं पेन उचललं, लिहिता लिहिताच वाचलं. “बाहेर बसलेली बाई मोजत नव्हती.”

मग देदे म्हणाले, “तिला बरं नव्हतं, हेही लिही.”